पहिले पंधरा दिवस

कळमनुरी तालुक्यातल्या एका गावातून एका सासूबाईंचे पत्र आले आहे. अक्षर नातीचे असावे, मजकूर त्यांचा. सुनेला बाळंत होऊन चार महिने झाले. बाळ गुटगुटीत आहे, अल्हमदुलिल्लाह. पण सून दिवस-दिवस बोलत नाही, कारण नसताना रडते, शेगडीपुढे उभी राहिली की भाजी करपेपर्यंत उभीच राहते, आणि रात्री बाळ झोपले तरी ही जागीच. आधी नजर उतरवली, मग दम केलेले पाणी पाजले, शेवटी हिंगोलीला नेले. डॉक्टरांनी तपासून, रक्त-थायरॉईड बघून एक गोळी लिहून दिली. आठवडाभर अर्धी, नंतर एक. पुढे त्यांच्याच शब्दांत:

“तीन दिवस गोळी दिली. मळमळतं म्हणते, हात थरथरतात, होती ती झोपही उडाली. शेजारणी म्हणतात डोक्याच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, तो फोनवर म्हणतो बंद करा. आपा, तुम्ही मेडिकल चालवता, तुम्हीच सांगा. वर रमजान तोंडावर आलाय.”

पत्र छापण्याची परवानगी त्यांनी दिली आहे, ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. उत्तरासाठी महिनाभर अंकाची वाट बघायला लावणे बरे नव्हते म्हणून त्याच दिवशी फोन केला. सांगितले ते एवढेच: गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि आपल्या मनाने वाढवूही नका. चिठ्ठीवर दवाखान्याचा नंबर असेल, तिथे आजच फोन करा आणि आत्ता मला सांगितलेत तेच त्यांना सांगा. आणि सुनेला एकटीला गाठून प्रेमाने विचारा, जिवाचे काही बरेवाईट करावे किंवा बाळाला काही करावे असे मनात येते का. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत. आत असतील तर बाहेर मात्र येतात. ती “हो” म्हणाली, किंवा कानात कोणी बोलते असे म्हणाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, तसेच उठून दवाखान्यात न्या.

ती “नाही” म्हणाली. डॉक्टरांनी गोळी रात्रीऐवजी सकाळी, नाश्त्यानंतर द्यायला सांगितली. बाकी काही बदलले नाही. पण हे पत्र वाचल्यापासून मला माझ्या दुकानाचे काउंटर आठवते आहे, म्हणून या महिन्यात बीपीचा विषय बाजूला ठेवून यावरच लिहिते.

वसमतला आमचे मेडिकल सुरू होऊन सव्वीस वर्षे झाली. या गोळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट मी इतक्यांदा पाहिली आहे की, आता चेहरा पाहून ओळखते. पहिल्या दिवशी माणूस चिठ्ठी घडी घालून, बाकीची गिऱ्हाइके पांगल्यावर पुढे करतो. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तोच माणूस अर्धवट वापरलेली स्ट्रिप घेऊन येतो: “हे परत घ्या, मानवलं नाही.” कापलेली स्ट्रिप परत घ्यायची नसते. पण ओळखीपाळखीत दुकानदार घेतो. मीही घेतली आहे.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कुरुंदा रोडकडचा एक शेतकरी, चार एकर हळद, आमच्या मिस्टरांच्या चांगल्या ओळखीचा. तो आज आहे, खुशाल आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. पाचव्या दिवशी तो स्ट्रिप घेऊन आला. म्हणाला, पोटात ढवळतं, डोकं जड झालंय, आधी होतो तोच बरा होतो. मी स्ट्रिप घेतली, पैसे परत दिले, वर गॅसची गोळी दिली. माझ्याकडे औषधशास्त्राची पदविका होती. पाचव्या दिवशी असेच होते, पंधराव्या दिवशी असे नसते, हे मी पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिले होते. काउंटरवर ते तोंडातून निघाले नाही, कारण मागे तीन गिऱ्हाइके उभी होती. दोन महिन्यांनी एका पहाटे त्याला नांदेडला हलवावे लागले. अल्लाहने वाचवले.

त्यानंतर मी प्रत्येकाला काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसवून दहा मिनिटे बोलू लागले. जे बोलते तेच आज लिहिते आहे. आणि त्यातले निम्मे मला पुस्तकाने नाही, माझ्या स्वतःच्या अंगाने शिकवले.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमचे मिस्टर गेले. इद्दतचे चार महिने दहा दिवस मी रडले, ते रडणे दुःखाचे होते. त्याला गोळी नसते, लागतही नाही. माणसे येतात, बसतात, आठवणी निघतात, रडून हलके होते. पण इद्दत संपून दुकानात बसू लागले तेव्हा काहीतरी वेगळेच सुरू झाले. रडू येणेच बंद झाले. वीस-वीस रुपयांच्या नोटा मोजता येईनात. जेवणाला चव नाही. रोज पहाटे तीनला डोळे टक्क उघडायचे आणि छातीवर पाटा ठेवल्यासारखे वाटायचे. घरात सगळ्यांना वाटे, अम्मी तहज्जुदला उठते. मी जानमाजवर बसलेली असे हे खरे, पण ओठ हलत नसत. कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण ऐकणारा म्हणाला असता, सबर कर, ईमान मजबूत ठेव. ते मी स्वतःलाच रोज सांगत होते आणि स्वतःला गुन्हेगार ठरवत होते.

सात महिन्यांनी मुलीने जवळजवळ हाताला धरून नांदेडच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी एस्सिटालोप्राम लिहून दिले. पाच एमजी, दहा दिवसांनी दहा. हीच गोळी मी इतकी वर्षे दुसऱ्यांना देत आले होते.

पहिल्या दिवशी काहीच झाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा वास नकोसा झाला, थेट दिवस गेल्यासारखा. तिसऱ्या दिवशी डोके दुखले, तोंडाला कोरड पडली, जुलाब झाले. चौथा दिवस सगळ्यांत वाईट. बेचैनी कमी व्हायची तर वाढली. एका जागी बसवेना, दुकानातून घरात, घरातून दुकानात. त्या दिवशी मी स्ट्रिप कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेली होती. मुलगी म्हणाली, “अम्मी, तू लोकांना काय सांगतेस?” तेवढ्यावर थांबले. आठव्या दिवशी मळमळ गेली. बाराव्या-तेराव्या दिवशी लक्षात आले की पहाटे तीनला नव्हे, पाचला जाग आली आहे, फज्रच्या अजानने. मन तेव्हाही आनंदी नव्हतेच. पण झोप आधी आली. मग भूक. मन सगळ्यात शेवटी आले, पाचव्या आठवड्यात, आणि तेही गाजावाजा न करता: दुकानात एका पोराने विचारलेल्या वेड्या प्रश्नावर मला हसू आले, आणि हसल्यावर मीच दचकले.

बहुतेकांचा क्रम असाच असतो, थोडा इकडेतिकडे. त्रास आधी येतो, आराम नंतर. या एका उलट्या क्रमामुळे निम्मी माणसे पहिल्याच पंधरवड्यात गोळी सोडतात असे माझे काउंटरवरचे निरीक्षण आहे. कोणी पाहणी करून काढलेला आकडा नव्हे. तापाची गोळी तासाभरात ताप उतरवते, तशीच अपेक्षा इथेही असते. या गोळ्या मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करतात. ते काम पहिल्याच दिवशी सुरू होते, पण मेंदूला त्या बदलाशी जुळवून घ्यायला आठवडे लागतात. सेरोटोनिन फक्त मेंदूत नसते, त्यातले बरेचसे आतड्यांत असते, म्हणून आधी पोट तक्रार करते. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. सुंठ किंवा आल्याचा तुकडा चघळला तरी चालते. साधारण दोन ते चार आठवड्यांत थोडा फरक दिसावा, पूर्ण फरकाला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. चार-सहा आठवडे योग्य मात्रेत घेऊनही काडीचा फरक नसेल तर डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा औषध बदलतात. पहिलीच गोळी लागू पडली नाही म्हणजे सगळे संपले असे नाही. चपलेचा पहिलाच जोड पायात बसतो असे थोडेच आहे.

गोळी सकाळी की रात्री, याचे उत्तर तुमच्या झोपेत आहे. सुस्ती येत असेल तर रात्री, झोप उडत असेल तर सकाळी. मात्र बदल विचारून करावा. पहिला आठवडा-दहा दिवस गुंगीचा अंदाज येईपर्यंत मोटारसायकल, मळणी यंत्र, हळदीचा कुकर आणि पॉलिशचा ड्रम यांच्यापासून लांब राहावे. हंगामात हे सांगणे सोपे नाही हे मला ठाऊक आहे, पण एका मजुराची आठ दिवसांची रोजी आणि एक हात यांचा हिशेब घरच्यांनी करावा.

काही वेळा डॉक्टर सुरुवातीच्या दिवसांसाठी झोपेची किंवा घबराटीची दुसरी एक बारीक गोळी देतात, क्लोनाझेपामसारखी. “सवय लागते” ही जी भीती गावभर फिरते ती खरे तर या दुसऱ्या गोळीची आहे. ती लगेच गुण देते, म्हणूनच माणूस तिला धरून बसतो. पहिली, म्हणजे नैराश्याची गोळी हळू चालते, तिने नशा होत नाही, रोज जास्त-जास्त लागत नाही. पण आमच्याकडे उलटेच चालते. लोक पहिली सोडतात आणि दुसरीच महिनोन्‌महिने मागत राहतात. चिठ्ठीवर ती किती दिवस लिहिली आहे ते वाचा, आणि तेवढेच दिवस घ्या.

आता धोक्याच्या खुणा. मळमळ, डोकेदुखी, घाम, थोडी थरथर, जांभया हे सोसण्यासारखे. पण बेचैनी इतकी वाढली की माणूस तडफडतो आहे, मरणाचे विचार नव्याने आले किंवा वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे. पंचवीस वर्षांखालच्या मुलामुलींकडे पहिले काही आठवडे अधिक डोळ्यांत तेल घालून बघावे लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलांसाठी आणि २००७ साली चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी तशी ठळक सूचना या औषधांवर छापायला लावली. याचा अर्थ तरुणांना औषध देऊ नये असा नव्हे. देऊन त्यांना एकटे सोडू नये असा आहे.

दुसरी खूण लोकांना आजार वाटत नाही, उलट आनंद वाटतो. माणूस अचानक खूप बोलू लागला, दोन तास झोपून ताजातवाना उठतो, पैसे उधळतो, एका रात्रीत मोठमोठे बेत आखतो, तर “गोळी फारच लागू पडली” म्हणून पेढे वाटू नका. त्याचा आजार दोन टोकांचा, म्हणजे बायपोलर असू शकतो आणि त्याला वेगळे औषध लागते. घराण्यात कोणाला असा त्रास असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, लाजू नका.

तिसरी: खूप ताप, अंग ताठ होणे, जोराची थरथर, घाम, भ्रम हे सगळे एकदम झाले तर तातडीने रुग्णालय. हे क्वचित होते, आणि बहुधा दोन औषधे एकमेकांना भिडल्याने होते. ट्रामाडोल ही वेदनेची गोळी, खोकल्याच्या काही औषधांतले डेक्स्ट्रोमेथॉर्फन, क्षयरोगात कधीकधी देतात ते लिनेझोलिड, ही त्यातली नावे. पाठ दुखते म्हणून शेजारच्याची गोळी मागून घेणारे आपल्याकडे घरोघर आहेत, म्हणून नावे दिली. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. घरातल्या वयस्कर माणसाला, त्यातही बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर, रक्तातले सोडियम उतरून गोंधळल्यासारखे होऊ शकते. अब्बा एकाएकी नावे चुकू लागले, तोल जाऊ लागला, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नका. हकीम साहेबांचे किंवा वैद्यांचे काही चालू असेल तर तेही डॉक्टरांपुढे ठेवा.

हळदीचेही विचारतात. हळदीच्या दुधाने उदासी जाते, असे मोबाईलवर फिरते. दूध प्यायला हरकत नाही. पण हळदीने मनाचा आजार बरा झाला असता तर आमच्या वसमतच्या बाजारात एकही उदास माणूस सापडला नसता.

एक तक्रार स्त्री-पुरुष दोघेही काउंटरवर सांगत नाहीत आणि तिच्यामुळेच गुपचूप गोळी सोडतात: पती-पत्नीच्या संबंधांतली इच्छा कमी होणे, किंवा विलंब होणे. हा या औषधांचा ओळखीचा परिणाम आहे, आणि मळमळीसारखा आपोआप जाईलच असे नाही. मात्र डॉक्टर मात्रा कमी करून किंवा औषध बदलून मार्ग काढू शकतात. नवऱ्याने किंवा बायकोने त्याचा अर्थ “मन उडाले” असा लावून घेऊ नये, म्हणून दोघांनाही हे आधीच माहीत असावे. शक्यतो डॉक्टरांकडे दोघांनी मिळूनच जावे.

आता रमजान. यंदा रोजे हळदीच्या हंगामातच येत आहेत, म्हणजे प्रश्न दुहेरी. सासूबाईंना वाटले की महिनाभर गोळी थांबवावी लागेल. तसे नाही. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन या नेहमी लिहिल्या जाणाऱ्या गोळ्या बहुतेकांना दिवसातून एकदाच असतात. इफ्तारनंतर किंवा सहरीला, दोन्हीपैकी एक वेळ ठरवली की काम झाले. पण रमजानच्या आधीच्या आठवड्यात गोळी सुरू झाली असेल, पोट ढवळते आहे, पाणी टिकत नाही, तर आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा कुरआनात सूरह बकरहमध्येच दिलेली आहे. अंगावर पाजणाऱ्या आईसाठीही सवलत आहे. तुमच्या मशिदीतल्या आलिमांना विचारा, आणि विचारताना आजाराचे नाव चोरू नका. एक सावधगिरी मात्र हवी: ज्यांना बायपोलरसाठी लिथियम चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये. पाणी कमी पडले की ते औषध रक्तात वाढून विषासारखे होते. तरावीह आणि सहरीमुळे झोपेचे तुकडे होतात, त्याचाही अशा रुग्णाला त्रास होतो.

दुसरा प्रश्न कॅप्सूलच्या आवरणाचा. फ्लुऑक्सेटिन बहुधा कॅप्सूलमध्ये येते आणि त्याचे आवरण जिलेटिनचे असते. ज्यांच्या मनाला ते पटत नाही त्यांनी औषध न सोडता डॉक्टरांना तसे सांगावे. सर्ट्रालिन आणि एस्सिटालोप्राम साध्या गोळीत मिळतात. एका भगिनीने या शंकेपायी दोन महिने कॅप्सूल पेटीत ठेवून दिल्या होत्या, आणि विचारले कोणालाच नव्हते.

कळमनुरीच्या सुनेला दिलेली गोळी सर्ट्रालिन आहे. दूध पाजणाऱ्या आईसाठी डॉक्टर बरेचदा हीच निवडतात, कारण दुधात तिचा अंश फार कमी उतरतो. बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपते, दूध ओढत नाही किंवा सारखे किरकिरते असे दिसले तर सांगायचे. एवढ्यासाठी दूध तोडू नये.

आता ईमानाचा विषय. तो टाळून हे लिहिता आले असते, पण पत्रातल्या सासूबाईंच्या मनात तोच होता. उपचार करून घ्यावेत ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे, हे आपण मुलांना लहानपणी शिकवतो, मग मूतखड्याला ती लागू आणि मनाला नाही, असे कोणी ठरवले? दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खी या मुस्लिम विद्वानांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दुःखाचे दोन भाग केले: एक ज्याचे कारण ठाऊक असते, आणि दुसरे जे कारणाविना येऊन बसते. या दुसऱ्याचे मूळ शरीरात असते आणि त्याला शरीराचा उपचारही लागतो, असे त्यांचे म्हणणे. इद्दतमधले माझे रडणे आणि नंतरचे माझे दगड होणे, यांतला फरक हजार वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवला होता. दुवा मी सोडली नाही. पण ओठ हलू लागले ते गोळी सुरू झाल्यावर.

आजची ही औषधे मात्र अपघातानेच सापडली. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका क्षयरोग रुग्णालयात इप्रोनियाझिड नावाचे नवे औषध दिले, तर खाटेवरचे रुग्ण हसू-बोलू लागले. तिथून पुढे शोध सुरू झाला. ते औषध आता वापरात नाही, नंतरची बरीच सौम्य आहेत.

प्रत्येकाला गोळी लागतेच असेही नाही. त्रास सौम्य असेल तर नियमित समुपदेशन, चालणे, झोपेची वेळ, माणसांत राहणे याने बरेच होते, आणि चांगले डॉक्टर तसे सांगतात. पण जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, दोन आठवड्यांहून अधिक काळ मन बसलेले असेल आणि कामच होत नसेल, तर दाखवायलाच हवे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा नैराश्य असलेल्या शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी जणांना उपचारच मिळत नव्हते असे दिसले. आपल्या भागात तर बायका ते सांगतातही “जी घबराता” एवढ्याच शब्दांत, आणि मग त्यांना गॅसची गोळी मिळते. माझ्याकडूनही मिळाली आहे.

कुठे जायचे? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकाराची तपासणी होते. शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या चौदा जिल्ह्यांसाठी राज्याने २०१५ साली ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला, त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे आहेत, म्हणजे आपला हिंगोलीही. गावातल्या आशा ताईंना याची माहिती असते, त्यांना विचारा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो आणि मराठीत बोलता येते. जनऔषधी केंद्रात या गोळ्या ब्रँडपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात. माझ्या धंद्याच्या विरुद्ध लिहिते आहे, पण औषध सहा-सात महिने घ्यायचे असते आणि तिसऱ्या महिन्यात पैशापायी ते सुटते, हे मी पाहिले आहे.

ज्या घरात मरणाची भाषा झाली असेल तिथे फवारणीची औषधे घरात ठेवायचीच नाहीत, आणि गोळ्यांची सगळी पाकिटे दुसऱ्या कोणाच्या ताब्यात ठेवायची. रोज एक हातावर द्यायची. पोलीस केस होईल या भीतीने कोणी रुग्णालयात न्यायला कचरत असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे पाऊल उचलणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे आहे आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यायचे आहेत. गाडीसाठी १०८.

राहिला शेवटचा प्रश्न, गोळी सुटते का? सुटते. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने घ्यायची असते. आजार दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा आला असेल तर अधिक काळ. मग डॉक्टर ती पायरीपायरीने उतरवतात. मी इथेही चूक केली. पाचव्या महिन्यात एकदम ठणठणीत वाटले, लग्नाच्या गडबडीत गोळी चार दिवस राहिली, म्हटले राहू दे. पाचव्या दिवशी डोके फिरवले की मेंदूत विजेचा झटका बसल्यासारखे होऊ लागले, चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने. हे एकदम सोडल्याने होते. त्याला व्यसन म्हणत नाहीत, पण त्रास खराच असतो. डॉक्टर रागावले नाहीत, पुन्हा सुरू केली, आणि पुढे वर्षभराने दोन महिन्यांत हळूहळू कमी करत बंद केली. सुटली. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये, नेहमीचीच घ्यावी, हेही ओघात सांगून ठेवते.

हळदवाला भाऊ तेव्हा नांदेडहून परत आला तो नवीन चिठ्ठी घेऊनच. थेट आमच्याकडे आला. मला वाटले होते, दुकान बदलेल. मी त्याला आतल्या स्टुलावर बसवले, ते स्टूल त्याच्यापासूनच आहे. चौथ्या दिवशी मीच मिस्टरांना त्याच्या शेतावर पाठवले, पोट कसे आहे ते विचारायला. आठव्या दिवशी परत. त्याने दीड वर्ष गोळी घेतली.

कळमनुरीहून परवा पुन्हा फोन आला. अकरावा दिवस होता. सून अजून फारशी बोलत नाही, पण रात्री चार तास सलग झोपली आणि सकाळी स्वतःहून बाळाला तेल लावले. सासूबाईंनी विचारले, दुसऱ्या भेटीला काय काय न्यायचे? जुनी चिठ्ठी, राहिलेली स्ट्रिप, चालू असलेली बाकी सगळी औषधे, आणि एका कागदावर रोजची एक ओळ: झोप किती, जेवण किती, काय त्रास झाला. तो कागद आता नात लिहिते आहे. मुलानेही पुण्याहून दोन दिवसांची रजा काढली आहे. सोमवारी ओपीडीला फार गर्दी असते, मंगळवारी जा म्हणून सांगितले आहे.